अर्जदार

शहापूरच्या नाक्यावर संध्याकाळी पोरांच्या मोटारसायकली जमतात. जायचं कुठंच नसतं, पण भोंगा असा वाजवतात की माझा चहा बशीऐवजी लेंग्यावर सांडतो.

"पोलिसांनी हुसकून लावलं पाहिजे!" मी म्हणालो.

मुरबाडचे आमचे साडू आले होते. ते म्हणाले, "पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांवर बंदीहुकूम निघतो, की तिथली पोरं आमच्या नाक्यावर! नाक्यावरून हाकललीत तर घरात येतील. चालेल?"

साडूंचं ऐकायचं नाही, हा आमच्या घरचा रिवाज. मी अर्ज लिहून थेट ठाण्यात गेलो.

फौजदारसाहेब शांतपणे म्हणाले, "नुसतं उभं राहणं हा काही गुन्हा नाही, काका. पण अठराच्या आतला पोरगा विनापरवाना गाडी चालवताना सापडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. आजच वयं तपासतो."

माझ्या पोटात गोळा आला. आमचे चिरंजीव सतरा वर्षांचे. मला रोज आसनगाव स्टेशनवर तेच सोडतात, माझ्याच मोटारसायकलवरून. आणि "जोरात घे, लोकल चुकेल!" असं मागून ओरडणारा मीच.

अर्ज 'शुद्धलेखन तपासायला' म्हणून परत घेतला. घरी येऊन किल्ली कपाटात टाकली. सकाळी रिक्षानं गेलो, लोकल चुकली, साहेबांची बोलणी खाल्ली.

संध्याकाळी नाक्यावर पाहतो तर चिरंजीव दुसऱ्याच एका पोराच्या मागं बसलेले!

आता त्या पोराच्या वडिलांना गाठतो. म्हणावं, चला, ठाण्यात एक अर्ज देऊन येऊ.