साल कोणाचं?

सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्यावरून नसरापूरला वळलं की पुढे बनेश्वराचं देऊळ लागतं. या देवळाबद्दल चार ओळी लिहायला घेतल्या, तरी त्यात तीन सालं येतात. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. तिथल्या पोर्तुगीज घंटेवर क्रूस आणि १६८३ हे साल आहे. ही घंटा चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयात मिळालेली. छापील पानावर ही सालं एकसारखीच दिसतात. घाईत वाचणारा १६८३ देवळाला चिकटवून मोकळा होतो.

अशा नोंदी एक्सएमएल एडिटरमध्ये करणं मला आवडतं ते याचसाठी. तिथे आकडा नुसता ठळक करून भागत नाही, तो कोणाचा ते सांगावं लागतं. जुन्या वस्तू आणि लेखांच्या नोंदींना मी टीईआय या एक्सएमएलमधल्या प्रमाण पद्धतीची चौकट वापरतो. तिच्यात ‘हिस्टरी’ या एलिमेंटच्या पोटात आधी ‘ओरिजिन’ (उगम) येतो, मग ‘प्रॉव्हेनन्स’ (वस्तूचा पुढचा प्रवास). घंटेची नोंद स्वतंत्र केली, की १६८३ तिच्या ओरिजिनमध्ये बसतं आणि १७३९ प्रॉव्हेनन्समध्ये. १७४९ राहतं देवळाच्या नोंदीत. क्रम चुकला तर एडिटर लगेच लाल रेघ ओढतो. पण १६८३ देवळाच्या ओरिजिनमध्ये टाकलं, तर तो हूं की चूं करत नाही. स्कीमा, म्हणजे चौकटीचे नियम, फक्त जागा तपासते. खरंखोटं तपासणं माझं काम.

आपल्याकडच्या शिलालेखांत तर आणखी कस लागतो. समजा, शिळेवर नुसतं ‘शके १६७१’ आहे. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि पुढच्या इसवी सनात शिरतं, त्यामुळे हे १७४९ असेल किंवा १७५० चे पहिले महिने. तिथी नसताना एकच साल ठोकून देणं बरं नव्हे. अशा वेळी ‘नॉटबिफोर’ आणि ‘नॉटआफ्टर’ या दोन अ‍ॅट्रिब्यूटमध्ये दोन्ही टोकं लिहायची. शिळेवरचा मजकूर मात्र जसाच्या तसा ठेवायचा. झिजलेलं अक्षर मी अंदाजाने भरलं, तर ते ‘सप्लाइड’मध्ये जातं. वाचताच आलं नाही, तिथे ‘गॅप’.

शिळेवर काय आहे आणि माझ्या मनाचं काय आहे, हे उद्याच्या अभ्यासकाला वेगवेगळं दिसलं पाहिजे. मग माझं वाचन त्याला खोडता येईल, आणि तरी शिळेवरच्या एका अक्षरालाही धक्का लागणार नाही. नोंद करणाऱ्याने एवढी सोय ठेवलीच पाहिजे.