परागंदा : सोनपेठच्या पटावरचे १६३१

१/ कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा एक फासा आणि चार मित्र. एवढ्या सामग्रीवर एक अख्खे जग उभे राहू शकते. सोनपेठच्या (जि. परभणी) एका तरुणाने उभारलेल्या अशाच एका जगाचा हा धागा. त्यात राक्षस नाहीत, मंतरलेली तलवार नाही. वर्ष आहे १६३१, आणि पाऊस पडलेला नाही.

२/ आधी खेळाविषयी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते बोलतात. जिथे यशाची खात्री नसते, तिथे फासा निवाडा करतो.

३/ १९८६ साली ब्रिटनमध्ये ‘वॉरहॅमर फॅन्टसी रोलप्ले’ आला आणि या खेळाला चिखलाचा वास आला. इथला खेळाडू राजपुत्र म्हणून जन्माला येत नाही. तो उंदीर पकडणारा असतो, नावाडी असतो, भिकारी असतो. जखम चिघळते, रोग लागतो, आणि शौर्यापेक्षा नशीब अधिक कामी येते.

४/ या काल्पनिक जगाचा साचा इतिहासातला आहे. त्यातले साम्राज्य म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या जर्मन ‘पवित्र रोमन साम्राज्या’ची छाया. त्याच भूमीवर १६१८ ते १६४८ हे तीस वर्षांचे युद्ध झाले. मे १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहर लुटून जाळले गेले. सुमारे २०,००० माणसे मेली.

५/ सोनपेठच्या तरुणाचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. शटर ओढल्यावर माडीवर, युरियाच्या वासात, त्याचे मित्र जमत. काही महिने ते हेच जर्मन जग खेळले. मग एका रात्री माग्डेबुर्गच्या सनावर त्याची नजर अडकली. त्या वर्षी आपल्या गोदाकाठी काय चालले होते?

६/ उत्तर दूर नव्हते. १६३० चा पाऊस गुजरात आणि दख्खनमध्ये फिरकला नाही. त्याच वेळी शाहजहानच्या फौजा बंडखोर खानजहान लोदीच्या आणि त्याला आश्रय देणाऱ्या निजामशाहीच्या मागे लागल्या होत्या. १६३१ मध्ये आझमखानाने धारूर घेतले. त्याच वर्षी नसीरीखानाने कंधार घेतले. नकाशा काढून पाहा : पश्चिमेला धारूर, पूर्वेला कंधार, मधल्या पट्ट्यात सोनपेठ.

७/ १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेवर जनावरांच्या शेणातून न पचलेले दाणे वेचणारी माणसे पाहिली. बऱ्हाणपुरात बादशहाने लंगरखाने उघडले. दर सोमवारी ५,००० रुपये वाटले जात, असे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी नोंदवतो. लढाईही थांबली नव्हती. फौजेला धान्य लागत होतेच, आणि बंजाऱ्यांचे तांडे ते बैलांच्या पाठीवरून पोचवत होते.

८/ देहूला याच दुष्काळात तुकोबांचे दुकान बुडाले, थोरली पत्नी अन्नावाचून गेली. म्हणजे ज्या काळाची कल्पना करून जगभरचे खेळाडू अंधाऱ्या जगात शिरतात, तो काळ मराठी मुलुखाने त्याच वर्षांत भोगला होता. तरुणाने जर्मन नकाशा गुंडाळला आणि नवा काढला.

९/ नव्या जगातली पात्रे : गोदावरीवरचा नावाडी कोळी, बंजारा नाईक, गावचा कुलकर्णी, वेसकर महार, फौजेतून पळालेला बारगीर आणि मोकदम. दख्खनच्या जुन्या कागदांत मोकदम म्हणजे गावचा पाटील. आज तोच शब्द, मुकादम होऊन, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर नेणाऱ्या ठेकेदाराला लागतो.

१०/ भुकेचा पहिला नियम साधा होता : उपाशी दिवसागणिक शक्तीचा एक गुण वजा. माडीवर चहा घेऊन आलेल्या त्याच्या आजीने तो ऐकला. बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती. तिने खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या होत्या. ती म्हणाली, “आसं एक-एक नसतं कमी होत, लेकरा. आदी भांडी जात्यात. मंग चांदी. मंग बैल. बैल गेला की गाव सुटतं.”

११/ त्या रात्री नियम खोडला गेला. आता प्रत्येक पात्राच्या कागदावर शक्तीच्या आकड्याऐवजी घरातल्या वस्तूंची यादी असते : तांब्याचा हंडा, जोडवी, म्हैस, बैलजोडी. भुकेचा प्रत्येक आठवडा एक ओळ खोडतो. शेवटची ओळ गावाची.

१२/ नियम वाचून तिघांना तो आवडला. चौथा गप्प राहिला. त्याचे आईवडील दर दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. यंदा वडिलांची पाठ धरल्याने आईबरोबर तोच कोयता धरणार होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “यात काल्पनिक काय हाय? हे आमच्या घरी दरसाल हुतं.”

१३/ सूत्रधाराने फासे डबीत भरले. दुसऱ्याची भूक मनोरंजनाला वापरावी का, हा प्रश्न माडीवर पहिल्यांदाच उभा राहिला. आठवडाभर खेळ झाला नाही. आठव्या दिवशी चौथाच आला आणि त्याने पात्र मागितले : मोकदम. “एकदा त्या बाजूनं बसून बघू दे.”

१४/ प्रसंग असा. गावात ज्वारीचे एकच भरलेले पेव उरले आहे. फौजेचा माणूस दोन दिवसांत येणार. बाकीचे म्हणाले, दामाजीपंतांनी केले तेच करू, पेव फोडू, वाटून टाकू. मंगळवेढ्याच्या त्या कथेत बिदरच्या बादशहाचे धान्य वाटले जाते आणि भरपाईची रक्कम विठोबा विठू महार होऊन दरबारात भरतो. पण या जगाचा एक नियम पहिल्या दिवसापासून ठरला होता : इथे भरपाई करायला देव येत नाही.

१५/ मोकदमाने पेव उघडले. निम्मे धान्य रातोरात घरोघर दिले. थोडे फौजेसाठी तळाशी ठेवले आणि कुलकर्ण्याला लिहायला लावले की बाकीचे पाणी शिरून कुजले. मग त्याने एक पोते बाजूला काढले. कोणी विचारले, हे कशाला? “बी हाय. हे कुणीच खायचं नाही. मीबी नाही.” बियाण्यांच्या दुकानावर बसलेल्या सूत्रधारालाही ते सुचले नव्हते.

१६/ फौजेच्या माणसाने विश्वास ठेवला की नाही, हे फाशाने ठरवायचे होते. आकडा आला तीन. मोकदमाला पेंढीसारखे बांधून नेले. ज्वारी मात्र घरोघर पोचली होती, आणि बियाण्याचे पोते वेसकराच्या छपरात होते.

१७/ दसरा झाला. चौथा मित्र आईबरोबर साखर कारखान्याकडे गेला. त्याच्या पात्राच्या कागदावर सूत्रधाराने ‘मृत’ लिहिले नाही. जुन्या मराठी कागदांत गाव सोडून गेलेल्या रयतेसाठी येणारा शब्द लिहिला : परागंदा.

१८/ त्या शब्दापाशी इतिहास थांबत नाही. उजाड गाव पुन्हा वसवताना रयतेला कौल दिला जाई : या, जमीन कसा, तुम्हाला उपद्रव होणार नाही. इस्ताव्याने सारा पहिल्या वर्षी अगदी थोडा घेत आणि दरसाल चढवत नेत. परतणाऱ्याला उभे राहायला वेळ लागतो, हे त्या कागदांना ठाऊक होते.

१९/ टोळी परतण्याआधी सूत्रधाराने कौलनामा लिहून ठेवला आहे. मोकदम कैदेतून सुटून येईल तेव्हा त्याच्या घरात काही नसेल; यादी कोरी असेल. पहिल्या ओळीवर काय लिहायचे, ते आजीला विचारले गेले. “बैल नको लिहू,” ती म्हणाली. “आदी बी लिही.”