तिचा डिपेंडंट

कंपनीच्या मेडिक्लेमच्या फॉर्मवर 'डिपेंडंट्स' असा एक रकाना असतो. दहा वर्षं मी त्यात न चुकता तीन नावं लिहीत आलो. आई, बाबा आणि बायको. ज्या वर्षी बायको माझ्यापेक्षा जास्त कमवायला लागली, त्या वर्षीही लिहिलं. त्यात काही गंमत आहे असं ना मला वाटलं, ना आमच्या एचआरला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही सिंगापूरला आलो आणि त्या रकान्यात मी स्वतः जाऊन बसलो.

झालं असं, की बायकोच्या कंपनीने तिला इथे पाठवलं. तिला एम्प्लॉयमेंट पास मिळाला, मला डिपेंडंट्स पास. नियम सरळ आहे. महिना किमान ६,००० डॉलर पगार असेल तर नवऱ्याला किंवा बायकोला सोबत आणता येतं. आणलेल्याने खावं, प्यावं, फिरावं. नोकरी करायची म्हटली तर त्याचा स्वतःचा वेगळा वर्क पास हवा. पूर्वी नोकरी मिळाली की एका संमतीपत्रावर काम भागायचं, पण १ मे २०२१ पासून ती सोय बंद झाली. हे सगळं मला पुण्यातच माहीत होतं बरं का! वाचून, समजून, सही करून आलो. पण नियम वाचणं वेगळं आणि सकाळी साडेआठला बायकोला लिफ्टपर्यंत सोडून रिकाम्या घरात परत येणं वेगळं. चाकणला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात मी क्वालिटीला होतो. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नसे. इथे माझ्या सहीने कुरिअरसुद्धा येत नव्हतं, कारण घराचं भाडेपत्र तिच्या नावावर, विजेचं बिल तिच्या नावावर आणि वायफायही तिच्याच नावावर.

मित्र म्हणाले, "ऐश आहे लेका तुझी!"

ऐश होतीच. पहिले तीन आठवडे.

मग कळलं की या देशात दिवस जात नाहीत. म्हणजे अक्षरशः. विषुववृत्त इथून जेमतेम १३७ किलोमीटर. दिवस बारा तासांचा, वर काही मिनिटं. जानेवारी असो की जून, सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. (१ जानेवारी १९८२ ला यांनी मलेशियाबरोबर घड्याळ अर्धा तास पुढे सरकवलं, त्यामुळे शाळेची पोरं अंधारातच बसमध्ये चढतात.) दुपारी बत्तीस डिग्री, रात्री पंचवीस. पाऊस वर्षभर. आपल्याकडे कसं, स्वेटर बाहेर निघाला की कळतं दिवाळी झाली, कलिंगडाच्या गाड्या लागल्या की कळतं मार्च आला. इथे खिडकीतून बघून तुम्हाला महिना सांगताच येत नाही. नोकरीवाल्याला सोमवार-शुक्रवार तरी असतात. मला तेही नव्हते.

आमचं घर बून केंगला, सरकारी फ्लॅटच्या इमारतीत, बाराव्या मजल्यावर. इथले बहुतेक लोक अशाच फ्लॅटमध्ये राहतात, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीत नळकांडी बसवलेली. त्यांत बांबू खोचायचे आणि बांबूवर कपडे. बारा मजल्यांवरून ओल्या चादरीसकट बांबू बाहेर काढून नळकांड्यात बसवणं हे काम इंजिनिअरिंगच्या कुठल्याही सेमिस्टरला शिकवत नाहीत. पहिल्याच आठवड्यात माझा एक टीशर्ट आठव्या मजल्यावरच्या आजींच्या बांबूवर जाऊन बसला. आणायला गेलो तर आजींनी तो घडी करून ठेवलेला. मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या, "यू टुडे नो वर्क आ?"

हा प्रश्न त्या पुढे दीड वर्ष विचारत राहिल्या. कुत्सितपणे नाही, "जेवलास का" म्हणतात ना, तसा. पण मला तो लागायचा.

मग मी घर हाच कारखाना मानला. इथली हवा इतकी दमट, की महिन्याभरात कपाटातल्या माझ्या कोल्हापुरीवर हिरवी बुरशी आली. बायकोच्या पैठणीला कुबट वास. मग 'थर्स्टी हिप्पो' नावाचे पाणी शोषणारे डबे आणले. प्रत्येक कप्प्यात एकेक. कुठला डबा किती दिवसांत भरतो याची मी चक्क वहीत नोंद ठेवायला लागलो! एसीचं सर्व्हिसिंग दर तीन महिन्यांनी करायचं, असं भाडेकरारातच लिहिलेलं होतं. त्याचा तक्ता फ्रिजवर लावला. डेंग्यूसाठी सरकारी माणसं घरात येऊन साचलेलं पाणी तपासतात, अळ्या सापडल्या तर दंड. ते आले तेव्हा तुळशीच्या कुंडीखालची ताटली कोरडी होती आणि बांबूची नळकांडी झाकलेली. तपासनीस बाई "व्हेरी गुड" म्हणाल्या. दहा वर्षं क्वालिटी ऑडिट देतोय, पण इतका आनंद कधी झाला नव्हता. संध्याकाळी बायकोला हे रंगवून सांगितलं. ती हसली, मग एकदम गप्प झाली. मी का हसत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं होतं बहुतेक.

खरा आधार दिला टेक्काने. बून केंगहून मेट्रोने दोन स्टेशनं गेलं की लिटल इंडिया, आणि बाहेर पडलं की टेक्का सेंटर. टेक्का हा शब्द चिनी होक्कियन बोलीतला, 'बांबूच्या पायथ्याशी' अशा अर्थाचा. म्हणजे बांबू काही माझी पाठ सोडत नव्हता! तळमजल्यावर मासळी, मटण, भाजी, शेजारी खायच्या टपऱ्या. आई रत्नागिरीची, त्यामुळे माशांच्या बाबतीत मी पुणेकर नाही. तेंगिरी म्हणजे सुरमई, केंबुंग म्हणजे बांगडा, हे दोन शब्द आले आणि जिवात जीव आला. खालच्या टपरीवर 'ते हालिया' मागितलं की चक्क आल्याचा चहा मिळतो. टेबल अडवायला टिश्यूचं पाकीट ठेवायचं, खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. भाजीवाला तमिळ. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला "बॉस". अख्ख्या सिंगापुरात मला बॉस म्हणणारा एकटा माणूस, म्हणून मी त्याच्याचकडून भाजी घ्यायचो. नंतर कळलं, तो सगळ्यांनाच बॉस म्हणतो. असो.

नोकरीचे प्रयत्न चालू होतेच. पण कंपनीने माझ्यासाठी पास मागायचा, तर सप्टेंबर २०२३ पासून त्याला गुण लागतात, चाळीस. पगार किती, शिक्षण कुठलं, कंपनीत तुमच्या देशाचे आधीच किती, स्थानिक लोक किती, अशी सगळी मोजदाद. एका ठिकाणी तीन फेऱ्या छान झाल्या. शेवटच्या फेरीला समोरच्या बाई नागपूरच्या निघाल्या. मुलाखत संपल्यावर मराठीत म्हणाल्या, "तुमचं काम आवडलं हो, पण आमच्याकडे आपलेच लोक फार झालेत." यावर काय बोलणार? माझ्याकडून थँक्यूच निघालं.

त्याच आठवड्यात, एप्रिल २०२४ मध्ये, टेक्काला आंब्याच्या पेट्या आल्या. हापूस! लांबूनच वास आला आणि पहिल्यांदा या देशात मला कळलं की आता एप्रिल आहे. डझनाची पेटी बेचाळीस डॉलर. म्हणजे सव्वीसशे रुपये. मागचापुढचा विचार न करता कार्ड दिलं. कार्ड बायकोच्या खात्यावरचं, जोडकार्ड. मी काहीही घेतलं की मेसेज तिच्या फोनवर जायचा. कांदे घेतले, टिंग. केस कापले, टिंग. ती मीटिंगमध्ये असताना दिवसभर माझा संसार तिच्या फोनवर टिंगटिंग करत असायचा.

संध्याकाळी दार उघडून चपला काढता काढता तिने विचारलं, "बेचाळीस डॉलरला काय घेतलंस रे?"

बस्स. माझं डोकं सटकलं. "हिशेब देऊ का? वहीत लिहून ठेवलाय. पाण्याच्या डब्यांच्या शेजारी."

"अरे, मी सहज विचारलं."

"पगार देणारा माणूस सहज विचारत नसतो."

ती सोफ्यावर बसली. बराच वेळ बोलली नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "लग्नानंतर नोकरी सोडून मी सात महिने घरी होते. आठवतं? तू रोज सकाळी निघताना फ्रिजवर पैसे ठेवून जायचास. मोजून. पाचशे ठेवले की संध्याकाळी विचारायचास, किती उरले?"

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आणि हेच जास्त वाईट होतं.

"आणि २०१६ ला मला बंगळूरचं प्रमोशन मिळत होतं. तुझं चाकणला नुकतंच कन्फर्म झालं होतं. मी नाही म्हटलं. तू म्हणालास, बरं केलंस. जायचं होतं का, हे विचारलंस कधी?"

बाहेर पाऊस सुरू झाला होता. इथला पाऊस असा, की नळ उघडावा तसा येतो. कपडे बांबूवर होते. दोघंही धावलो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, बांबू आत ओढला, तोवर सगळं भिजून चिंब. ओल्या चादरी जमिनीवर टाकून आम्ही तिथेच स्वयंपाकघरात बसलो. मी सॉरी म्हटलं. तिने ते ऐकून घेतलं, "असू दे" वगैरे म्हणाली नाही. आंबे त्या रात्री कोणी कापले नाहीत.

पुढच्या शनिवारी आम्ही बँकेत गेलो आणि जॉइंट खातं उघडलं. टोकन घेऊन रांगेत बसावं, तेवढंच काम. सहा महिने आधीच करता आलं असतं, दोघांनाही सुचलं नाही. मेसेज आता दोघांच्याही फोनवर येतात. त्यामुळे तिने ऑफिसखालच्या दुकानातून दर मंगळवारी साडेसात डॉलरचा केक खाल्लेला मला कळतो. मी विचारत नाही. एकदा विचारलं होतं, ती म्हणाली, "हिशेब देऊ का?"

सगळं छान-छान झालं असं मात्र समजू नका. जानेवारी २०२५ पासून वर्क पाससाठी पगाराची किमान अट ५,६०० डॉलर झाली आणि आणखी दोन कंपन्यांचं उत्तर गोड शब्दांत नाही आलं. पुण्याहून आई फोनवर अजूनही आवाज बारीक करून विचारायची, "मग... सध्या काय करतोस दिवसभर?" शेजारी बाबा पेपर वाचत असतील आणि त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आधी मी म्हणायचो, "चाललंय, इंटरव्ह्यू वगैरे." एके दिवशी म्हटलं, "आई, स्वयंपाक करतो, घर बघतो. तू करतेस तेच." पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "ते काय कमी असतं का रे?" आणि एकदम मोठ्या आवाजात बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं किती टाकतोस, ते विचारायला लागली.

एप्रिल २०२५. अण्णाने लांबूनच हात केला. "बॉस, मँगो!" पेटी बाजूला काढून ठेवली होती. भाव चार डॉलरने वाढलेला. मी दोन आंबे हुंगून बघितले, जरा कच्चेच होते, आणखी तीन दिवस लागले असते. कार्ड टॅप केलं.

टिंग.

पुढच्याच मिनिटाला मीटिंगमधून तिचा मेसेज आला : 'पेटी आली? या वेळी कपाटात नको रे पिकत ठेवूस. हिप्पो सगळा वास पिऊन टाकतो.'