आईला समुद्रावर नेण्यापूर्वी

एप्रिल उजाडला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलांना सुट्टी लागली की सगळे कोकणात जाणार आहोत. आईंना बरोबर नेले तर चालेल ना?" विचारणारी बहुधा सून असते किंवा मुलगा, आणि ज्यांच्याविषयी विचारले जाते त्या आजी शेजारच्या खुर्चीवरून मोठ्या आशेने माझ्याकडे पाहत असतात. अनेक वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर रक्तदाब मोजून, साखरेचा अहवाल पाहून आणि औषधांची यादी तपासून देत आलो. समुद्राविषयी मी एक अक्षरही विचारीत नसे. तो विचारायला मी का लागलो, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

२०२४ च्या मे महिन्यातला पहिला रविवार. आम्ही सगळे गुहागरला होतो. आई तेव्हा ८१ वर्षांची होती. निघण्यापूर्वी मी डॉक्टरी काळजीने फोनवर हवामान पाहिले होते. कमाल तापमान ३३ अंश, आकाश निरभ्र, वारा बेताचा. मी समाधानाने फोन खिशात ठेवला. सायंकाळी सहाच्या सुमारास आम्ही पुळणीवर उतरलो. आईची खुर्ची मी सुरूच्या झाडांजवळ, पाण्यापासून पुरेशी दूर मांडली. थोड्या वेळाने माझ्या नातीने पाण्यातून हाक मारली, "पणजी, ये ना!" आई उठली. मीही अडवले नाही, कारण पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होते. दहाएक मिनिटे ती तिथे पोरीसारखी हसत उभी होती.

मग एक लाट आली. ती उंच नव्हती, पोटरीपर्यंतच आली. पण ती थांबेना. पाणी मागच्या कोरड्या वाळूवर बरेच वर चढले आणि तितक्याच जोराने परत ओढले गेले. परतणाऱ्या त्या पाण्याने आईच्या टाचांखालची वाळू खरवडून नेली. ती मागे झुकली आणि डाव्या कुशीवर पडली. मी तिच्यापासून चार पावलांवर होतो. मी पोहोचलो तेव्हा तिचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते. वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही या चित्राचा अर्थ कळतो. खुब्याचे हाड मोडले होते.

रुग्णवाहिकेत ती मला म्हणाली, "अरे, मला कुणी ढकलले नाही. पायाखालची जमीनच गेली." पुढील काही महिने हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मी हवा पाहिली होती. समुद्र पाहिला नव्हता.

तो पाहिला असता तर काय दिसले असते, हे मला नंतर समजले. त्या शनिवार-रविवारसाठी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजे इन्कॉईसने, उंच लाटांचा इशारा दिलेला होता आणि तो महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही लागू होता. गंमत अशी की आपल्या आकाशात तेव्हा वादळाचे चिन्हसुद्धा नव्हते. वादळी वारे सुटले होते ते एप्रिलअखेर, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडील भागात. तिथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला पोहोचतात. या लाटांना 'स्वेल' म्हणतात. केरळच्या मच्छीमारांनी अशा न सांगता चालून येणाऱ्या समुद्राला 'कळ्ळक्कडल' असे नाव दिले आहे. कळ्ळन म्हणजे चोर आणि कडल म्हणजे समुद्र. त्याच लाटांच्या दिवसांत, ६ मे रोजी, कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. आमच्या वाट्याला एक मोडलेले हाड आले. त्या पाच घरांचा विचार केला की आपल्या दुःखाविषयी बोलायला संकोच वाटतो.

समुद्राचा अंदाज वाचायला मला माझ्या भाच्याने शिकवले. त्याला फळीवरून लाटांवर स्वार होण्याचा, सर्फिंगचा नाद आहे. तापमानाआधी तो तीन गोष्टी पाहतो: लाटेची उंची, दोन लाटांमधला काळ आणि लाट येण्याची दिशा. "मामा, तुम्ही सगळे फक्त उंची बघता," तो म्हणाला. "खरी ताकद काळात असते." मला ते लगेच पटले. नाडी तपासताना आम्ही नुसते ठोके मोजत नाही, ठोक्याचे बळही बोटांना जाणवते. समुद्राचेही तसेच आहे. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा साधारण चार ते आठ सेकंदांच्या अंतराने येतात आणि किनाऱ्याशी फुटून विरतात. दूरच्या वादळातून आलेल्या लाटांमधले अंतर १४, १६, कधी १८ सेकंदही असते. उंची तेवढीच असली तरी अशा लाटेत कितीतरी अधिक शक्ती साठलेली असते. उथळ पाण्यात ती जास्त फुगते, वाळूवर अधिक वर चढते आणि परतताना अधिक जोराने ओढते. दोन लाटांमधला काळ लांब असल्याने समुद्र शांत आहे असा भास होतो. शिवाय मोठ्या लाटा गटागटाने येतात. दहा मिनिटे काही घडत नाही आणि मग लागोपाठ तीन-चार लाटा येतात. आई दहा मिनिटे सुखरूप उभी होती, ती याच कारणाने.

तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी इन्कॉईसचा सागरी अंदाज जरूर पाहावा. 'उंच लाटा' किंवा 'स्वेल' असा इशारा असेल, तर ज्येष्ठांनी त्या दिवशी पाण्यात पाऊल घालू नये. बांधावरून, झाडाखालून समुद्र पाहावा. तोही आनंद थोडा नाही. मुलांनाही त्या दिवशी पाण्यात सोडू नये. इतर दिवशीही, दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एखादा पट्टा गुळगुळीत, शांत दिसत असेल, तर तिथूनच पाणी आत ओढले जात असण्याची शक्यता असते, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट भरतीची. आपल्या वाडवडिलांना त्यासाठी फोन लागत नसे. तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे. येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. त्या रविवारी चैत्र वद्य द्वादशी होती. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, म्हणजे नऊ. सकाळी नऊला एक भरती, रात्री नऊच्या पुढेमागे दुसरी. म्हणजे आम्ही सहा वाजता उतरलो तेव्हा पाणी चढू लागले होते, वर स्वेल आणि जवळ आलेली अमावास्या. हा हिशेब माझ्या आजोबांनी मला लहानपणी शिकवला होता. मी तो कौतुकाने लक्षात ठेवला होता आणि गरजेच्या वेळी वापरला मात्र नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप वर येते आणि खूप मागे जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढउतार कमी असतो. ज्येष्ठांना न्यायचे तर भांगाचे दिवस बरे. वाळूवर शंखशिंपल्यांची आणि काटक्यांची जी रेघ दिसते, ती मागच्या भरतीची खूण असते. खुर्ची नेहमी त्या रेघेच्या वर मांडावी.

तिसरी गोष्ट हवेची, आणि ती माझ्या नेहमीच्या कामाची आहे. किनाऱ्यावरचे ३३ अंश हे पुण्यातल्या ३३ अंशांसारखे नसतात. घाम नुसता गळून शरीर थंड होत नाही, तो वाळावा लागतो. समुद्रकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही. अंगावरून ओघळतो, पाणी आणि मीठ घेऊन जातो आणि उष्णता मात्र आतच राहते. भारतीय हवामान विभागानेही हा भेद मानला आहे. मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो. किनाऱ्यावर मात्र कमाल तापमान ३७ अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असले, तरी ती उष्णतेची लाट ठरू शकते. दुपारी समुद्रावरून येणारा वारा अंगाला सुखावतो आणि आपण किती तापलो आहोत हे कळू देत नाही. म्हणून आकड्याकडे पाहताना शेजारच्या आर्द्रतेकडेही पाहावे. सकाळी साडेआठपर्यंत आणि सायंकाळी साडेपाचनंतर, या दोनच वेळा ज्येष्ठांसाठी राखाव्या. सकाळची वेळ अधिक चांगली. वारा पडलेला असतो आणि वाळूही थंड असते.

उतारवयात तहान कमी लागते. शरीराला पाणी हवे असते, पण मेंदू तसे वेळेवर सांगत नाही. म्हणून "तहान लागली का?" असे विचारू नये, थोड्या थोड्या वेळाने घोटभर पाणी हातात द्यावे. रक्तदाबासाठी किंवा पायांवरच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हात पाण्याची तूट लवकर होते. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या, ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्या यांमुळेही शरीराला उष्णतेशी जुळवून घेणे अवघड जाते. यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रवासाआधी औषधांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनी दिवसाला किती पाणी प्यावे, हेही तेव्हाच विचारून घ्या. त्यांच्यासाठी अधिक पाणी नेहमीच हिताचे नसते. इन्सुलिन बंद गाडीत कधीही ठेवू नये. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तापलेली वाळू भाजते तेव्हा कळतही नाही. त्यांनी अनवाणी चालू नये आणि खोलीवर परतल्यावर तळवे कुणाकडून तरी पाहून घ्यावे.

एवढे करूनही प्रसंग ओढवला तर? उन्हानंतर ज्येष्ठ व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, गुंगीत गेली आणि अंग फार तापले, तर तो उष्माघात समजावा. लगेच १०८ ला फोन करावा, सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पडल्यानंतर खुब्यात वेदना असेल, तर "उठून उभे राहून बघा" असे म्हणू नये. लाटांच्या टप्प्याबाहेर, पाय न हलू देता, चार-पाच जणांनी अलगद न्यावे आणि रुग्णवाहिकेची वाट पाहावी. मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी. म्हणून "उद्या बघू" म्हणून घरी थांबू नये.

आणखी एक. मेअखेरीस समुद्राचे रूप पालटते. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. माशांची वीण हे त्यामागचे एक कारण, आणि खवळलेला दर्या हे दुसरे. ज्या दिवसांत कोळी आपली होडी वर ओढून ठेवतो, त्या दिवसांत आपण आपल्या माणसांना पाण्यात उतरवू नये.

आईची शस्त्रक्रिया झाली. ती उभी राहायला शिकली, नंतर वॉकर घेऊन चालू लागली, आता काठी पुरते. पुन्हा पूर्वीसारखी झाली असे मी म्हणणार नाही. जिना तिने सोडला आहे. मात्र मागच्या उन्हाळ्यात तिनेच विषय काढला. "समुद्र दाखवणार आहेस की नाही?" मला भीती वाटत होती, आणि ती लपवून मी वयाचे कारण पुढे केले. ती म्हणाली, "माझे वय काही नेण्या-न नेण्याने कमी होणार नाही."

आम्ही अष्टमीचा सुमार धरला. आदल्या रात्री भाच्याने अंदाज पाहिला. लाट अर्ध्या मीटरची, काळ सात सेकंदांचा, इशारा नाही. सकाळी साडेसहाला आम्ही पुळणीवर होतो. शिंपल्यांच्या रेघेच्या बरेच वर खुर्ची मांडली. पाण्यात जायचे नाही असे ठरले होते, त्यामुळे माझी नात लहान बादली भरून पाणी घेऊन आली आणि तिने ते हळूहळू पणजीच्या पावलांवर ओतले. आईने डोळे मिटून घेतले होते. पाणी संपल्यावर ती म्हणाली, "आणखी एक बादली आण गं."