खालून कोण लावतंय?

२०२० च्या एप्रिलमध्ये आईचा तानपुरा नाहीसा झाला. म्हणजे होता तिथेच होता, डोंबिवलीच्या आमच्या हॉलच्या कोपऱ्यात, आणि व्यवस्थित वाजतही होता. पण लॉकडाउनमुळे शिकवणी मोबाइलवर गेली आणि पहिल्याच दिवशी पलीकडून मुली म्हणू लागल्या, "ताई, तानपुरा लावा ना." आई म्हणाली, "अगं, लावलाय की!" तिने तानपुरा मोबाइलच्या आणखी जवळ ओढला. मुलींना दोन झंकार ऐकू यायचे, मग पुन्हा शुकशुकाट. आई बोलली की तिचा आवाज मात्र स्वच्छ.

दोन दिवस आम्ही इंटरनेटला शिव्या दिल्या. मग माझ्या लक्षात आलं की गोंधळ नेटचा नाहीच. व्हिडिओ कॉलमध्ये मागचा गोंगाट गाळायची सोय असते. माणसाचं बोलणं तुटक असतं, चढतं-उतरतं असतं. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो गोंगाट, असा तिचा हिशेब. पंखा, फ्रिज, एसी आणि मिरजेचा तानपुरा तिच्या लेखी एकाच जातीचे. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायचा पर्याय सापडला आणि तानपुरा परत आला. तरी आवाज पोहोचायला लागणारा वेळ होताच. आई 'सा' लावायची, मुली तो ऐकून लावायच्या आणि त्यांचा सूर आईकडे येईपर्यंत ती रिषभावर गेलेली असायची. शेवटी ठरलं की पाठ नीट रेकॉर्ड करून पाठवायचे. करणार कोण, तर मी. बँकेतली नोकरी, वय सत्तेचाळीस, प्रवेशिका पूर्ण होताच गाणं सोडलेली मुलगी.

दुकानं उघडल्यावर साडेआठ हजारांत एक माइक, एक केबल आणि लॅपटॉपला जोडायची छोटी डबी आली. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. पहिल्या संध्याकाळी दोन तास काहीच ऐकू आलं नाही. केबल बदलली, लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा दाब लागतो आणि त्यासाठी डबीवर '४८' लिहिलेलं एक बटण असतं, हे कळलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. आई जेवून झोपली होती.

शिकले मी व्हिडिओ बघून. सांगणारी मंडळी बहुतेक परदेशातली, गॅरेजमध्ये बसलेली, मागे गिटारी टांगलेल्या. त्यांचा पहिला धडा खोलीचा. भिंतीवरून परतणारा आवाज मारा म्हणजे मूळ आवाज स्वच्छ मिळेल. मी बेडरूममध्ये दोन गोधड्या दोरीवर टाकल्या, साड्यांचं कपाट सताड उघडलं आणि त्यांच्यासमोर आईला बसवलं. "कपाटाला गाणं ऐकवायचं?" एवढंच ती म्हणाली. रेकॉर्डिंग खरंच कोरडं, स्वच्छ आलं. पण आई नेहमीसारखी गात नव्हती. पाच मिनिटांत घसा ताणायला लागली. तिचं म्हणणं, "आवाज परत येत नाही गं. कुणी हुंकारच देत नाहीये असं वाटतं." व्हिडिओतल्या कुणीही हे सांगितलं नव्हतं. गायकाला स्वतःचा आवाज खोलीकडून थोडा परत मिळावा लागतो. तो मिळाला नाही की तो नकळत जोर लावतो. मग एक गोधडी काढली, माइक हॉलमध्ये आणला आणि आईची पाठ पुस्तकांच्या कपाटाकडे केली. कोऱ्या भिंतीवरून आवाज सरळ परततो, पुस्तकांच्या कमी-जास्त खोलीवरून विखरून. दिवाळी अंकांचे गठ्ठे तीस वर्षांत प्रथमच कामाला आले.

आवाजाची पातळी हा दुसरा धडा. मध्य सप्तकात आकडा छान दिसला म्हणून मी चालू केलं. आईने तार षड्ज लावला आणि स्क्रीनवर लाल दिवा. डिजिटलमध्ये शून्याच्या वर जागाच नसते. तिथे आवाजाचा माथा कापला जातो आणि ऐकताना चरचरतो. आता सगळ्यात मोठा स्वर उणे १२ च्या आसपास राहील एवढंच मी ठेवते. खरं तर निम्मं काम आईच करते. गणेशोत्सवाच्या मांडवातल्या माइकची तिला जुनी सवय आहे, तार सप्तकात जाताना मान आपोआप जराशी वळते, मंद्रात पुढे येते. मी हे फेडर ओढून करायला शिकत होते, ती मानेने करत होती.

मग घरघर आली. मला ती ऐकूच येत नव्हती, हे आधी कबूल करते. तिसऱ्या दिवशी आईने हेडफोन लावला, डोळे मिटले आणि विचारलं, "हे खालून कोण लावतंय?"

"काय लावतंय?"

"षड्ज. पण चढा आहे."

मला वाटलं, वयाप्रमाणे कानात काही होत असेल. तरी सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा आलेख काढला, तर ५० हर्ट्झवर एक आणि १०० वर त्याहून उंच अशा दोन सुया. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. ती कुठूनतरी केबलमध्ये झिरपली की त्याच आकड्यावर आणि त्याच्या पटींत गुणगुणते. हल्ली आईचा सा पांढरी पाचला आहे, म्हणजे तिच्या तानपुऱ्याच्या खर्जाची तार ९८ हर्ट्झला. शेजारी विजेची १००. सेकंदाला दोन या हिशेबाने ते दोन स्वर एकमेकांवर हेलकावत होते. सत्तरीतल्या बाईने मीटरशिवाय सांगितलं होतं की महावितरण चढ्या सुरात गातंय.

त्या गाण्याचं मूळ शोधायला आठवडा गेला. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला तेव्हा निम्मी घरघर गेली. उरलेली एका एक्स्टेन्शन बोर्डामुळे होती. त्यावर फ्रिजही होता आणि माझी माइकची केबल त्याच वायरभोवती मी नीटनेटकेपणाने गुंडाळून ठेवली होती.

एवढं करूनही थोडी कुजबुज राहिलीच, म्हणून मी ऑडॅसिटीतलं गोंगाट काढायचं हत्यार उचललं. पद्धत सोपी: जिथे फक्त नको असलेला आवाज आहे असा दोन सेकंदांचा तुकडा दाखवायचा. सॉफ्टवेअर तो लक्षात ठेवतं आणि सगळीकडून तसलं पुसून काढतं. मी सुरुवातीचे दोन सेकंद दाखवले, आई गायला लागण्यापूर्वीचे. त्यात तानपुरा चालू होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बटण दाबलं. तानपुरा साफ पुसला गेला आणि त्याच्या स्वरांवर पडणारा आईचा आवाजही ठिकठिकाणी खरवडला गेला. पंचमावर ती विहिरीतून गात असल्यासारखी वाटत होती. एप्रिलमध्ये मोबाइलने जे केलं तेच जुलैमध्ये मी स्वतःच्या हाताने केलं. तेव्हापासून तानपुरा छेडण्याआधी पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं, हा घरचा नियम. कुकर चढवलेला असेल तर गॅस बंद करायचा. रिक्षावाल्यांना नियम लागू नाही.

तालाचंही तसंच. व्हिडिओवाले म्हणतात, ठोक्यावर रेकॉर्ड करा. मी तो टिकटिक आवाज आईच्या कानात सोडला. दोन आवर्तनं तिने सहन केली आणि मग हेडफोन उतरवून पोळ्या करायला गेली.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअरही मी चोरून लावून पाहिलं, कुतूहल म्हणून. १९९७ साली ऑटोट्यून आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल कंपन्यांसाठी भूकंपलहरींच्या नोंदींतून जमिनीखालचे थर वाचत असत. त्या गणितातूनच गळ्याचा सूर ओळखायची युक्ती निघाली. मला ही गोष्ट फार आवडते. पण आईच्या भीमपलासातल्या कोमल गंधाराचं त्याने जे केलं ते आवडलं नाही. मध्यमाचा हात धरून येणारी मींड होती, तिच्या पायऱ्या झाल्या. बारा कप्प्यांपैकी एकात बस, असं म्हणणारं यंत्र. ती फाइल मी आईला न ऐकवता उडवली.

शाळा सुरू झाल्या, मुली परत हॉलमध्ये बसायला लागल्या, पण माइक राहिला. गेल्या वर्षी आईने ट्रंकेतून एक कॅसेट काढली. तिच्या बाईंची शिकवणी, यमन, ऐंशीच्या दशकातली. दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर इंटरफेसला जोडला. आधी कुणीतरी खोकलं, मग बाईंचा 'सा' आला आणि आईच्या कपाळावर आठी. "बाई काळी चारला गायच्या. हे काळी चारही नाही आणि पांढरी सहाही नाही. मध्येच कुठेतरी लोंबकळतंय." टेप जोरात पळत होती हे उघड होतं, पण किती? चाळीस वर्षांपूर्वीचा वेग मोजायचा कशाने?

आलेख काढला तर १०३ हर्ट्झवर एक सुई. मी तिच्याकडे बघतच राहिले. बाईंच्या घरातली वीज! त्या वेळी भिंतीतल्या सॉकेटातून टेपमध्ये झिरपलेली, मुळात १०० च्या आसपास असलेली. टेप जितकी जोरात पळत होती तितकी तीही चढली होती. मी वेग उतरवत सुई १०० वर आणली.

आईने तानपुरा काळी चारला मिळवून घेतला होता. ऐकत राहिली. "जवळ आलं. अजून किंचित उतरव."

"आता बरोबर शंभर आहे आई."

"असेल. उतरव."

तिचं बरोबर होतं. त्या काळी विजेचा तुटवडा असला की ग्रिड ५० च्या खाली रेंगाळायचं, विशेषतः संध्याकाळी, आणि बाईंची शिकवणी संध्याकाळचीच. मी एकेक कणाने खाली येत गेले. ९९ च्या जरा वर असताना तिने हात वर केला. स्पीकरमधला सा आणि तिच्या मांडीवरचा सा एकमेकांत असे मिसळले की कुठला कुठला ते मला सांगता येईना.

"आता ती घरघर पुसते," मी म्हटलं. मग आठवलं की कॅसेटची दुसरी बाजू अजून व्हायची होती. सुई पुसायची सवय लागली तर तिचा वेग मोजायला काहीच उरणार नाही.

"राहू दे मग," आई कॅसेट उलटी करत म्हणाली. "खालून लावतायत तर लावू देत."