चार सुती पटाशी

मंचर किंवा नारायणगावच्या हार्डवेअरच्या दुकानात पटाशी मागितली की दुकानदार आधी विचारतो, "किती सुती?" आठ सुतांचा एक इंच. मीटर-सेंटिमीटर येऊन इतकी वर्षं झाली, तरी सुतारांच्या तोंडून सूत काही गेलेलं नाही. चार सुती म्हणजे अर्धा इंच. नव्याने कोरीव काम शिकू पाहणाऱ्याला मात्र असलं काही नको असतं. त्याला मोबाइलवर पाहिलेला, बारा नगांचा, पेटीतला चकचकीत संच हवा असतो.

घोडेगावातले एक निवृत्त सुतार अशा संचांना 'रुखवतातली हत्यारं' म्हणतात. मांडून ठेवायला देखणी. त्यांचा राग पेटीवर नाही, पोलादावर आहे. स्वस्तातल्या पात्याला पाणी नीट दिलेलं नसतं. सागवानावर चार घाव घातले की धार मुडपते आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्या हातातच कला नाही.

त्यांची स्वतःची पटाशी चार सुतीच आहे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादातून गावच्या लोहाराने ती त्यांच्या आजोबांसाठी घडवली. मूठ बाभळीची, ती आतापर्यंत कितीदा बदलली कोण जाणे. आजोबा जुन्या आंबेगावकडचे बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त ज्या व्यवस्थेबद्दल लिहिलं, तिच्यातलेच एक: कुणब्याचा नांगर, पाभर, जू नीट ठेवायचं आणि सुगीत खळ्यावर धान्य घ्यायचं. नक्षी त्या हिशेबात नव्हती. ती आजोबांची हौस. पाटाच्या कडेला, देव्हाऱ्याच्या माथ्याला आणि स्वतःच्या घराच्या चौकटीला त्यांनी ती पुरवली.

घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव आंबेगावचं राहिलं, कचेरी मात्र घोडेगावात. आजोबांचं घर उतरवताना वडिलांनी चौकटीच्या लाकडी खुंट्या ह्याच पटाशीने ठोकून काढल्या. कोरीव कामाच्या हत्यारावर असा प्रसंग आणू नये, असं कोणताही सुतार सांगेल. पण त्या दिवशी हाताशी तेवढीच होती. धारेला पडलेला खळगा घासून घालवण्यात पात्याची बरीच लांबी गेली.

नातवाने, म्हणजे ह्याच निवृत्त सुतारांनी, आयटीआय केलं आणि भोसरीच्या एका पॅटर्नशॉपमध्ये नोकरी धरली. ओतकामासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात, ते हे काम. ओतीव लोखंड गार होताना साधारण शंभराला एक इतकं आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठीची पट्टीच निराळी, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून किंचित लांब. आतले कोपरे काटकोनात ठेवून चालत नाही, ते गोलवावे लागतात. गोल पटाशी त्यांच्या हातात आली ती तिथे, यंत्राच्या भागांसाठी, फुलापानांसाठी नव्हे. शोभेची कला कारखान्यात मरते असं आपण सहज बोलून जातो. इथे तर तिला कारखान्याने शिस्त लावली.

निवृत्तीनंतर ते घोडेगावला परतले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना शिकवू लागले. मुलं त्यांना काका म्हणतात. पहिली सहल लेण्याद्रीची. लाकूड शिकायचं तर दगडाकडे कशाला, असं पालकांनी विचारलंही. पण जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि ती खोदणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी इमारती होत्या. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात छताच्या फासळ्या दगडातच कोरल्या आहेत. वजन पेलायला त्यांची काडीची गरज नाही. कार्ल्याला तशाच फासळ्या खऱ्या लाकडाच्या आहेत आणि दोन हजार वर्षांनंतरही त्यातल्या बऱ्याच जागेवर आहेत. कार्ल्याच्या एका शिलालेखात दारकामाच्या संदर्भात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा उल्लेख येतो. जुन्नरच्या लेखांत बुरुडांच्या नि कासारांच्या श्रेणी भेटतात.

मुलांनी तिथे बघायची ती वेदिकेची पट्टी. उभे खांब, आडव्या पट्ट्या, पुन्हा उभे खांब. एवढंच, पण भिंतभर. नक्षी म्हणजे अवघड आकार, हा समज तिथे गळून पडतो. साधा आकार न कंटाळता पुन्हा पुन्हा काढला की भिंत सजते. पुण्यात विश्रामबागवाड्याचं दर्शनी लाकूडकाम किंवा केळकर संग्रहालयातले दरवाजे पाहावेत. कमळं नि वेली सोडून आधी कडेच्या पट्ट्या बघाव्यात. डोळा तिथे तयार होतो.

म्हणून त्यांच्याकडे पहिला धडा करवतकाठीचा, त्रिकोणांच्या ओळीचा. हत्यारं मोजकी: एक चार सुती सपाट पटाशी, एक लाकडी मोगरी, फळी बांधायला शिकंजा, पेन्सिल आणि कंपास. त्रिकोणाच्या दोन बाजूंवर पटाशी अशी तिरपी टेकवायची की तिचा एक कोपरा शेंड्याशी खोल उतरेल आणि दुसरा पायाशी लाकडाला नुसता स्पर्श करेल. मोगरीचा एकेक हलका ठोका. मग पायाकडून शेंड्याकडे, हाताच्या जोरानेच, पातं उतरतं सरकवायचं. धार चांगली असेल तर ढलपी अखंड सुटते आणि आतल्या उतारावर लाकूड चमकतं. पॉलिशपेपर लावायची गरज राहत नाही, लावूही नये, कडा मरतात. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. ह्या एका नियमावर काका ओरडतात.

त्यानंतर कंपासचं सहा पाकळ्यांचं फूल. वर्तुळाच्या त्रिज्येनेच परिघावर सहा खुणा बसतात, शाळेत सगळ्यांनीच काढलेलं असतं. कोरताना मात्र लाकडाची रेषा आडवी येते. पाकळीची एक बाजू लोण्यासारखी कापली जाते, दुसरीवर त्याच दिशेने गेलं की सालपट उचकटतं. तिथे फळी फिरवून उलट बाजूने यायचं. हे सांगून कळत नाही, दोनचार पाकळ्या फुकट गेल्या की हाताला कळतं.

लाकडाचं म्हणाल तर शिवण मिळाल्यास उत्तम, मऊ आणि एकसारखं. सावंतवाडीची खेळणी परंपरेने पांगाऱ्याची, तोही नवशिक्याला चालतो, पण बारीक कड धरून ठेवत नाही. फर्निचरवाल्याकडचे सागवानाचे तुकडे फुकट मिळतात आणि दिसतातही छान. फक्त सागात सिलिका असते, ती धार खाते. त्यामुळे दगड, तेल आणि चामड्याचा पट्टा यांची संगत सुटत नाही. हत्यारांना ठेवलेले अर्धे पैसे पाजवण्याच्या सामानावर घालावेत, हा काकांचा सल्ला दुकानदाराला अजिबात आवडत नाही. काम झाल्यावर जवसाच्या तेलाचा हात, बस्स.

सध्या जुन्या घरातून आणलेल्या चौकटीचा उंबरा वाळवीने पोखरलाय आणि नवा बसवायचाय. त्यावर काय कोरायचं यावरून मुलांत वाद आहे. एकीला जुन्नरचा बिबट्या हवाय, उडी मारताना.

"अगं, आधी करवतकाठी," काका म्हणतात. "बिबट्याला गोल पटाशी लागते, नि ती पाजवायला तुमच्यातल्या एकालाही अजून येत नाही."