तपासणीआधीचा हिशेब

व्यापारी घरात पै-पैचा हिशेब रोज जुळविला जातो. शरीराच्या हिशेबाकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. शौचातून रक्त गेले तर ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून घरगुती उपाय होतात आणि संकोचापोटी ही गोष्ट पत्नीलाही सांगितली जात नाही. अखेर डॉक्टर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करण्यास सांगतात.

दुर्बीण डॉक्टरांच्या हाती असते. पण तिला नीट दिसावे की नाही, हे बरेचसे रुग्णाच्या हाती असते. आतड्यात मळ शिल्लक राहिला तर त्याखाली लहान गाठ दडू शकते. या गाठींना पॉलिप म्हणतात. त्यांतील काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. वेळीच दिसल्या तर बहुधा त्याच तपासणीत त्या काढता येतात.

तयारीचे नियम अवघड नाहीत. पण ते पुष्कळ आहेत. काही दिवस आधीपासून पालेभाज्या, सालीच्या डाळी, बिया व कोंडायुक्त धान्य वर्ज्य. आदल्या दिवशी केवळ गाळलेले पातळ पदार्थ. मग पोट साफ करणारे द्रावण दोन भागांत घ्यायचे : अर्धे आदल्या संध्याकाळी, उरलेले तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवायचे. हा दुसरा भागच अनेकांकडून चुकतो.

येथे मोबाइलवरील ॲप उपयोगी पडते. तपासणीचा दिवस व वेळ भरली की ते रोजचा आहार सांगते, द्रावणाच्या वेळी आठवण देते आणि पोट पुरेसे साफ झाले की नाही हे चित्रांवरून ओळखायला शिकविते. जर्मनीत ५०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ॲप वापरणाऱ्यांपैकी ८ टक्के रुग्णांची तयारी अपुरी राहिली. केवळ नेहमीच्या सूचना मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते.

तथापि, ॲपला घर ठाऊक नसते. कापडाच्या व्यापारातील एका ज्येष्ठ गृहस्थांना सूचनांचा इंग्रजी कागद मिळाला होता. तो गल्ल्यात पडून राहिला. द्रावण रात्री आठला घ्यायचे होते आणि त्यांचा चौविहार अनेक वर्षांचा. ते कोणाला काही बोलले नाहीत. ग्लास तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी तपासणी अर्ध्यावर थांबवावी लागली. खर्च, श्रम आणि उपास, सारेच वाया गेले.

दुसऱ्या खेपेस महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीने ॲप घेतले. पण त्याआधी ती आजोबांसह डॉक्टरांकडे गेली आणि व्रताची गोष्ट स्पष्टपणे सांगितली. डॉक्टरांनी तपासणी दुपारी एकची ठरविली. द्रावणाचा पहिला भाग व पुरेसे पाणी सूर्यास्तापूर्वी, दुसरा भाग सूर्योदयानंतर. व्रत राहिले आणि तयारीही पूर्ण झाली. ॲपमधील आहाराच्या यादीत अंडी, मासे, बटाटे होते. सूनबाईंनी डॉक्टरांना विचारून पांढरा भात आणि मुगाच्या सोललेल्या डाळीचे गाळलेले पाणी दिले. सकाळी फोन वाजला की नात म्हणे, “आजोबा, ग्लासाची वेळ झाली.” आजोबा हसून म्हणत, “आमचा मुनीमदेखील एवढा वक्तशीर नव्हता, बेटा!” त्या तपासणीत एक पॉलिप दिसला आणि तेथेच काढला गेला.

मुनीम कितीही वक्तशीर असला, तरी मालकाने न सांगितलेली नोंद तो वहीत करू शकत नाही. मधुमेहाची औषधे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आणि आपले व्रतनियम डॉक्टरांना आधीच सांगावेत. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मराठीत ॲप न मिळाल्यास घरातील तरुणांनी वेळापत्रक मराठीत लिहून फोनमध्ये गजर लावून द्यावेत. ज्येष्ठांनीही संकोच सोडावा. ग्लास गुपचूप बाजूला ठेवण्यापेक्षा आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारलेला एक प्रश्न अधिक हिताचा असतो.